फ्लोरिडा इंटरनॅशनल लीग

फ्लोरिडा इंटरनॅशनल लीग ही अमेरिकेच्या फ्लोरिडा राज्यातील शहरे आणि क्युबाची राजधानी हवाना यांच्या व्यावसायिक बेसबॉल संघांची कनिष्ठ दर्जाची साखळी स्पर्धा होती. ती इ.स. १९४६ ते १९५४ या काळात चालली. पहिल्या तीन हंगामांत तिचा दर्जा ‘क’ वर्गाचा होता. १९४९ पासून तिला ‘ब’ वर्ग मिळाला. २७ जुलै १९५४ रोजी, हंगाम अर्ध्यावर असतानाच, ती विसर्जित झाली.

नऊ हंगामांच्या या अल्पायुषी लीगला बेसबॉलच्या इतिहासात दोन कारणांनी स्थान आहे. अमेरिकेच्या संघटित बेसबॉलमध्ये हवानाचा कायमस्वरूपी संघ प्रथम या लीगद्वारे उतरला. तसेच वर्णविभक्त फ्लोरिडा आणि काळ्या-गोऱ्या खेळाडूंना एकाच मैदानावर खेळवणारे हवाना अशा दोन परस्परविरोधी खेळसंस्कृती या लीगमध्ये एका नियमावलीखाली आल्या. लीगचा उत्कर्ष मुख्यतः हवानाच्या आधाराने झाला. तो आधार सुटल्यानंतर तिला एक हंगामही पुरा करता आला नाही.

पार्श्वभूमी

अमेरिकेतील व्यावसायिक बेसबॉलची रचना उतरंडीसारखी आहे. सर्वांत वर ‘मेजर लीग’ म्हणजे ज्येष्ठ दर्जाच्या दोन लीग आणि त्यांच्याखाली ‘मायनर लीग’ म्हणजे कनिष्ठ दर्जाच्या अनेक प्रादेशिक लीग असतात. १९०१ साली शिकागो येथे कनिष्ठ लीगची राष्ट्रीय संघटना स्थापन झाली व पुढे त्यांची अ, ब, क, ड अशी वर्गवारी ठरली. १९४६ पासून या उतरंडीच्या माथ्यावर ‘ट्रिपल ए’ हा वर्ग आला. शहराची लोकसंख्या, खेळाचा दर्जा आणि खेळाडूंच्या वेतनाची मर्यादा या गोष्टी वर्गाशी निगडित असत. ‘ड’ किंवा ‘क’ वर्गात खेळणारा तरुण एकेक पायरी चढत ज्येष्ठ संघापर्यंत पोहोचेल, अशी अपेक्षा असे. प्रत्यक्षात बहुसंख्य खेळाडूंची कारकीर्द खालच्या पायऱ्यांवरच संपत असे.

दुसऱ्या महायुद्धात खेळाडू सैन्यात गेल्यामुळे बहुतेक कनिष्ठ लीग बंद पडल्या होत्या. १९४५ च्या हंगामात अमेरिकेत केवळ १२ कनिष्ठ लीग उरल्या होत्या. युद्ध संपताच चित्र पालटले. सैनिक घरी परतले, रेशनिंग सैल झाले आणि करमणुकीसाठी आसुसलेला प्रेक्षक मैदानांकडे वळला. पुढच्याच वर्षी लीगची संख्या चाळीसच्या वर गेली. १९४९ साली ती ५९ झाली आणि त्या वर्षी कनिष्ठ बेसबॉलचे सामने सुमारे चार कोटी प्रेक्षकांनी पाहिले. फ्लोरिडा इंटरनॅशनल लीग याच भरतीच्या लाटेवर जन्मली.

फ्लोरिडाला बेसबॉल नवे नव्हते. हिवाळ्याच्या अखेरीस ज्येष्ठ संघ सरावासाठी तेथे मुक्काम ठोकत. सेंट पीटर्सबर्ग येथे न्यू यॉर्क यांकीज व सेंट लुईस कार्डिनल्स, लेकलँड येथे डेट्रॉइट टायगर्स, टॅम्पा येथे सिनसिनाटी, तर १९४६ पासून वेस्ट पाम बीच येथे फिलाडेल्फिया ॲथलेटिक्स यांची सराव शिबिरे भरत. त्यामुळे मैदाने, स्टँड आणि बेसबॉलची जाण असलेला प्रेक्षक अनेक गावांत तयारच होता. एप्रिलमध्ये ज्येष्ठ संघ उत्तरेकडे निघून गेले की ही मैदाने ओस पडत. उन्हाळ्यात त्यांचा वापर करणे, हा स्थानिक लीगच्या आयोजकांचा साधा हिशेब होता.

क्युबातही हा खेळ एकोणिसाव्या शतकापासून रुजलेला होता. स्पॅनिश राजवटीच्या काळात बैलझुंजीऐवजी बेसबॉल पसंत करणे ही क्युबन राष्ट्रीय भावनेची एक खूण मानली जाई. हवानाच्या हिवाळी व्यावसायिक लीगमध्ये १९०० सालापासून काळे व गोरे खेळाडू एकत्र खेळत असत. अमेरिकेतील कृष्णवर्णीय खेळाडूंनाही हिवाळ्यात तेथे मान आणि मोबदला मिळत असे.

स्थापना आणि सहभागी संघ

१९४६ साली सहा संघांनिशी लीग सुरू झाली. हवाना क्यूबन्स, मायामी सन सॉक्स, मायामी बीच फ्लेमिंगोज, टॅम्पा स्मोकर्स, लेकलँड पायलट्स आणि वेस्ट पाम बीच इंडियन्स हे ते संघ होत. १९४७ मध्ये फोर्ट लॉडरडेल ब्रेव्ह्ज आणि सेंट पीटर्सबर्ग सेंट्स यांची भर पडून संघांची संख्या आठ झाली. १९५२ च्या हंगामात क्युबाच्या दिशेने सर्वांत पुढे असलेल्या की वेस्ट या बेटावरील ‘काँक्स’ हा संघही लीगमध्ये होता.

काही संघांच्या नावांतून त्या त्या शहराची ओळख दिसते. टॅम्पा हे चिरूट उत्पादनाचे मोठे केंद्र होते, म्हणून तेथील संघ ‘स्मोकर्स’ म्हणजे धूम्रपान करणारे ठरला. ‘काँक’ म्हणजे मोठा समुद्री शंख. की वेस्टच्या मूळ रहिवाशांना याच टोपणनावाने ओळखले जाते. मायामी बीचचा संघ फ्लेमिंगो म्हणजे रोहित पक्ष्याच्या नावाने खेळे आणि त्याचे मैदानही फ्लेमिंगो पार्क या उद्यानात होते.

टॅम्पाचे क्युबाशी जुने नाते होते. १८८०च्या दशकात व्हिसेन्ते मार्तिनेस इबोर या उद्योजकाने तेथे चिरुटांचे कारखाने उभारले आणि त्यांच्याभोवती क्युबन, स्पॅनिश व इटालियन कामगारांची इबोर सिटी ही वसाहत वाढली. १८९१ साली क्युबाचे स्वातंत्र्यनेते होसे मार्ती यांनी या कामगारांपुढे भाषणे केली होती. त्यामुळे हवानाचा संघ टॅम्पात उतरे तेव्हा प्रेक्षकांपैकी अनेकांना पाहुण्यांची भाषा परकी वाटत नसे.

संघ ज्या शहरांचे होते, त्यांच्या आकारांत मात्र मोठी विषमता होती. १९५० च्या सुमारास लेकलँडची लोकसंख्या जेमतेम ३१ हजार, टॅम्पाची सुमारे सव्वा लाख आणि मायामीची सुमारे अडीच लाख होती. हवाना हे साडेसात लाखांहून अधिक वस्तीचे राजधानीचे शहर होते. एवढ्या मोठ्या शहराचा संघ ‘क’ वर्गात असणे हेच मुळात असाधारण होते. लीगच्या पुढील वाटचालीत या विषमतेचा परिणाम सतत जाणवत राहिला.

हवाना क्यूबन्स

हवाना क्यूबन्स या संघामागे वॉशिंग्टन सेनेटर्स हा ज्येष्ठ संघ होता. वॉशिंग्टनचे मालक क्लार्क ग्रिफिथ यांच्या वतीने जो कॅम्ब्रिया हे १९३०च्या दशकापासून क्युबात खेळाडू हेरत असत. इटलीत जन्मलेले कॅम्ब्रिया हे बाल्टिमोर येथे लाँड्रीचा व्यवसाय करणारे गृहस्थ होते. क्युबन खेळाडू कमी पैशांत करारबद्ध होत आणि आर्थिक ओढगस्तीतील वॉशिंग्टनला त्यांची गरज होती. हवाना क्यूबन्सच्या स्थापनेत कॅम्ब्रिया यांच्यासोबत वॉशिंग्टनकडून पूर्वी खेळलेले क्युबन खेळाडू मेरितो आकोस्ता यांचा सहभाग होता.

संघाचा पहिला हंगाम हवानाच्या ‘ला ट्रॉपिकल’ मैदानावर पार पडला. २६ ऑक्टोबर १९४६ रोजी शहराच्या सेरो भागात ‘ग्रान स्टेडियम’ हे भव्य क्रीडांगण खुले झाले आणि १९४७ पासून क्यूबन्स तेथे खेळू लागले. हे क्रीडांगण उभारण्यात बॉबी मादुरो व मिगेल सुआरेस या व्यावसायिकांचा पुढाकार होता. कनिष्ठ लीगच्या ‘क’ वर्गातील दुसऱ्या कोणत्याही संघाकडे अशा तोडीचे मैदान क्वचितच असेल.

१९४६ ते १९५० अशी सलग पाच वर्षे हवानाने साखळी फेरीत अव्वल स्थान पटकावले. १९४७ च्या हंगामात संघाने १५० पैकी १०५ सामने जिंकले. १९४७ आणि १९४८ साली साखळी फेरीनंतरच्या बाद फेरीतही त्यांनीच विजेतेपद मिळवले. या काळात संघाचे व्यवस्थापन बहुतांश ऑस्कर रॉड्रिगेस यांच्याकडे होते. अमेरिकी बेसबॉलमध्ये ‘मॅनेजर’ म्हणजे कार्यालयीन व्यवस्थापक नव्हे. संघनिवड, डावपेच आणि मैदानावरील सर्व निर्णय त्याच्याकडे असतात.

कॉनरादो मारेरो

या वर्चस्वाचा मुख्य आधार होता पिचर, म्हणजे चेंडूफेक करणारा, कॉनरादो मारेरो. २५ एप्रिल १९११ रोजी जन्मलेला मारेरो लाबेरिन्तो नावाच्या शेतवस्तीतून आलेला होता आणि ‘लाबेरिन्तोचा शेतकरी’ या अर्थाच्या टोपणनावाने तो क्युबाभर ओळखला जाई. त्याची उंची अवघी ५ फूट ५ इंच होती. तिशी उलटेपर्यंत तो हौशी बेसबॉलमध्ये खेळला. १९४१ च्या हौशी विश्वस्पर्धेच्या निर्णायक सामन्यात व्हेनेझुएलाच्या दानियेल कानोनिको याने त्याच्यावर मात केली होती. त्या सामन्याची आठवण दोन्ही देशांत पुढे अनेक दशके टिकली.

हवाना क्यूबन्सकडून व्यावसायिक कारकीर्द सुरू झाली तेव्हा मारेरो ३५ वर्षांचा होता. एरवी या वयात कनिष्ठ लीगचा खेळाडू निवृत्तीचा विचार करतो. मारेरोने १९४७ मध्ये २५, १९४८ मध्ये २० आणि १९४९ मध्ये पुन्हा २५ सामने जिंकून दिले. त्याचा भर वेगापेक्षा वळणाऱ्या चेंडूंवर आणि अचूक टप्प्यावर असे. १९५० मध्ये वॉशिंग्टनने त्याला ज्येष्ठ लीगमध्ये घेतले. १९५१ मध्ये, वयाच्या चाळिशीत, त्याची अमेरिकन लीगच्या ऑल-स्टार संघात निवड झाली. २३ एप्रिल २०१४ रोजी, वयाची १०३ वर्षे पुरी होण्यास दोन दिवस उरले असताना, त्याचे हवाना येथे निधन झाले. त्या वेळी हयात असलेल्या माजी ज्येष्ठ लीग खेळाडूंत तो सर्वांत वयोवृद्ध होता.

हवाना क्यूबन्सच्या चेंडूफेकीच्या ताफ्यातून सान्दालियो कोन्सुएग्रा आणि हुलिओ मोरेनो हेही १९५० च्या सुमारास वॉशिंग्टनला पोहोचले. कोन्सुएग्रा पुढे शिकागो व्हाइट सॉक्सकडे गेला आणि १९५४ मध्ये त्याने १६ विजय व केवळ ३ पराभव अशी कामगिरी केली. ज्या उन्हाळ्यात तो ज्येष्ठ लीगमध्ये शिखरावर होता, त्याच उन्हाळ्यात त्याला घडवणारी लीग बंद पडली.

सामने, प्रवास आणि प्रेक्षक

फ्लोरिडातील संघ एकमेकांच्या गावी बसने जात, तर हवानाचा दौरा विमानाने होई. मायामी व हवाना यांमधील अंतर सुमारे ३७० किलोमीटर, तर की वेस्ट व हवाना यांमधील अंतर जेमतेम १७० किलोमीटर आहे. की वेस्ट ते हवाना हा नियमित विमानमार्ग १९२७ सालीच सुरू झालेला होता. कनिष्ठ लीगमधील तरुण खेळाडूंना त्या काळी विमानप्रवास दुर्मीळ होता. परदेशी राजधानीतील मोठे क्रीडांगण, ढोल-ताशांसारखी वाद्ये वाजवणारा प्रेक्षक आणि प्रत्येक चेंडूवर खुलेआम लागणाऱ्या पैजा, हे सारे लेकलँडसारख्या गावातून आलेल्या खेळाडूला नवे असे.

मैदानावरील वातावरण कधी कधी तापत असे. १९३१ च्या वर्ल्ड सिरीजचा नायक म्हणून गाजलेला पेपर मार्टिन हा १९४९ मध्ये मायामी सन सॉक्सचा मॅनेजर होता. हवानातील एका सामन्यात त्याने रागाच्या भरात पंचाचा गळा धरला आणि त्याबद्दल त्याला निलंबित करण्यात आले. पुढे त्याने मायामी बीच आणि फोर्ट लॉडरडेल या संघांचेही व्यवस्थापन केले.

१९५० नंतर हवानाची मक्तेदारी संपली आणि फ्लोरिडातील संघ पुढे आले. १९५१ मध्ये टॅम्पाने साखळी फेरीत पहिला क्रमांक मिळवला. १९५२ मध्ये मायामी आणि मायामी बीच या शेजारी संघांत अखेरपर्यंत चुरस झाली. दोघांनीही शंभराहून अधिक सामने जिंकले आणि मायामीने निसटत्या फरकाने अव्वल स्थान राखले. खेळाच्या दृष्टीने हा हंगाम लीगमधील सर्वोत्तम हंगामांत गणला जातो. मात्र दोन संघ एवढे वरचढ असले की उरलेल्या सहा गावांतील प्रेक्षकांचा रस मध्यावरच आटतो, हेही याच हंगामात दिसून आले.

मायामी स्टेडियम

३१ ऑगस्ट १९४९ रोजी मायामी येथे ‘मायामी स्टेडियम’ हे नवे क्रीडांगण सुरू झाले. उद्घाटनाचा सामना मायामी सन सॉक्स आणि हवाना क्यूबन्स यांच्यात झाला व त्यास सुमारे १३ हजार प्रेक्षक उपस्थित होते. प्रेक्षागृहावरील छत कमानीसारखे पुढे आलेले होते आणि त्याला समोरून खांबांचा आधार नव्हता. त्यामुळे कोणत्याही आसनावरून खेळ विनाअडथळा दिसे. ‘ब’ वर्गाच्या संघासाठी अशी वास्तू त्या काळी अपूर्वच होती.

हे क्रीडांगण क्युबाचे माजी शिक्षणमंत्री होसे मानुएल आलेमान यांच्या पैशातून उभे राहिले. राष्ट्राध्यक्ष रामोन ग्राउ यांच्या मंत्रिमंडळात असताना सरकारी निधीचा प्रचंड अपहार केल्याचे आरोप आलेमान यांच्यावर होते आणि त्यांनी मायामीत मोठ्या प्रमाणावर मालमत्ता घेतली होती. १९५० मध्ये त्यांचे निधन झाले. फ्लोरिडातील लीगला लाभलेली सर्वांत देखणी वास्तूही अशा रीतीने हवानाच्याच पैशाने उभी राहिली होती. १९८७ मध्ये या क्रीडांगणाला बॉबी मादुरो यांचे नाव देण्यात आले. २००१ मध्ये ते पाडण्यात आले.

वर्णभेदाचा प्रश्न

लीग सुरू झाली त्या वर्षी फ्लोरिडात शाळा, बस, हॉटेले, उपाहारगृहे आणि क्रीडांगणांतील आसने वर्णानुसार विभागलेली होती. मार्च १९४६ मध्ये जॅकी रॉबिन्सन हा माँट्रियल संघाबरोबर फ्लोरिडात सरावासाठी आला होता. सॅनफर्ड गावातून त्याला काढता पाय घ्यावा लागला आणि जॅक्सनव्हिलमध्ये संघाला मैदानाचे दरवाजे बंद आढळले. केवळ डेटोना बीच येथे त्याला खेळू देण्यात आले. १५ एप्रिल १९४७ रोजी रॉबिन्सन ज्येष्ठ लीगमध्ये उतरला, तरी दक्षिणेकडील कनिष्ठ लीगची दारे त्यानंतरही बंदच राहिली.

फ्लोरिडा इंटरनॅशनल लीगमध्ये कृष्णवर्णीयांना मज्जाव करणारा लेखी नियम असण्याची गरजच नव्हती. संकेत पुरेसा होता. या संकेताचा परिणाम हवानावरही झाला. हवाना क्यूबन्सला फ्लोरिडात खेळायचे असल्याने गोरे म्हणून चालून जातील असेच खेळाडू संघात घेतले जात. परिणामी ग्रान स्टेडियमवर एक विचित्र स्थिती निर्माण झाली. हिवाळ्यात त्याच मैदानावर क्युबाचे काळे व गोरे खेळाडू खांद्याला खांदा लावून खेळत आणि उन्हाळा आला की त्यांतील काळ्या खेळाडूंना स्वतःच्या राजधानीच्या संघात जागा नसे.

मिन्नी मिन्योसो हे याचे ठळक उदाहरण आहे. १९४६ ते १९४८ या काळात हवाना क्यूबन्स लीग जिंकत असताना क्युबाचा हा अव्वल दर्जाचा खेळाडू अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या ‘नीग्रो लीग’मध्ये न्यू यॉर्क क्यूबन्सकडून खेळत होता. १९४९ मध्ये तो क्लीव्हलँडकडून ज्येष्ठ लीगमध्ये उतरला आणि १९५१ मध्ये शिकागो व्हाइट सॉक्सचा पहिला कृष्णवर्णीय खेळाडू ठरला. २०२२ मध्ये त्याचा बेसबॉलच्या ‘हॉल ऑफ फेम’मध्ये मरणोत्तर समावेश झाला. मारेरोला उशिरा का होईना, हवानातून वॉशिंग्टनला जाण्याची वाट या लीगने दिली. मिन्योसोला त्याच शहरातून ती वाट उपलब्ध नव्हती. दोघांमधील हा फरक गुणवत्तेचा नव्हता.

रॉबिन्सनच्या प्रवेशाची तयारी म्हणून १९४७ मध्ये ब्रुकलिन डॉजर्स व माँट्रियल या संघांनी फ्लोरिडा टाळून हवानात सराव शिबिर भरवले होते. फ्लोरिडातील अपमानास्पद प्रसंग टळावेत हा त्यामागील हेतू होता. पण तेथेही संघव्यवस्थापनाने रॉबिन्सन व इतर कृष्णवर्णीय खेळाडूंची राहण्याची सोय वेगळ्या हॉटेलात केली.

फ्लोरिडातील संघांनी बदलाची दिशा पकडली ती १९५२ मध्ये. नीग्रो लीगमध्ये नाव कमावलेला पिचर डेव्ह बार्नहिल याला त्या वर्षी मायामी बीच फ्लेमिंगोजने घेतले. तेव्हा तो तिशीच्या उत्तरार्धात होता आणि त्याची ऐन उमेदीची वर्षे मागे पडली होती. पुढच्या हंगामात तो पेपर मार्टिनच्याच हाताखाली फोर्ट लॉडरडेलकडून खेळला. मैदानावर प्रवेश मिळाला, तरी मैदानाबाहेर बंधने कायम होती. मायामीतील कृष्णवर्णीय खेळाडूंना ओव्हरटाउन या वेगळ्या वस्तीतच मुक्काम करावा लागे. १९५३ मध्ये हँक ॲरन आणि त्याच्या सहकाऱ्यांनी जॅक्सनव्हिलमधून साउथ अटलांटिक लीगमधील वर्णबंदी मोडली. शाळांतील वर्णविभाजन घटनाबाह्य ठरवणारा अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाचा निकाल १७ मे १९५४ रोजी लागला. त्यानंतर सुमारे दहा आठवड्यांत लीग विसर्जित झाली. त्यामुळे काळ्या-गोऱ्यांचा एकत्र खेळ या लीगमध्ये जेमतेम तीन हंगाम झाला.

ऱ्हासाची कारणे

लीगच्या ऱ्हासामागे काही देशव्यापी व काही स्थानिक कारणे होती.

देशव्यापी कारणांत दूरचित्रवाणी आणि रेडिओ ही प्रमुख होत. १९५० च्या सुमारास ज्येष्ठ लीगच्या सामन्यांचे वर्णन देशभरातील लहान गावांत रेडिओवरून रोज ऐकू येऊ लागले. पाठोपाठ घरोघरी दूरचित्रवाणी संच आले. यांकीजचा सामना घरबसल्या ऐकता येत असताना गावच्या ‘ब’ वर्गाच्या सामन्यासाठी तिकीट काढणारे कमी झाले. १९४९ मध्ये ५९ असलेल्या कनिष्ठ लीगची संख्या १९५४ पर्यंत ३६ वर आली आणि १९५९ मध्ये ती केवळ २१ उरली.

स्थानिक कारणांत फ्लोरिडाचे ऋतुचक्र महत्त्वाचे होते. फ्लोरिडाची अर्थव्यवस्था हिवाळी पर्यटनावर उभी होती. थंडीत उत्तरेकडून आलेले पर्यटक एप्रिलपर्यंत परत जात आणि बेसबॉलचा हंगाम नेमका तेव्हा सुरू होई. उरलेल्या स्थानिक प्रेक्षकांना दमट उन्हाळा आणि दुपारनंतर कोसळणारे वादळी पाऊस यांना तोंड द्यावे लागे. पावसाने सामना रद्द झाला की त्या दिवसाचे उत्पन्न बुडे. खेळाडूंचे वेतन मात्र द्यावेच लागे. शिवाय मार्च महिन्यात जगातील नामवंत खेळाडू त्याच मैदानावर पाहिलेल्या प्रेक्षकाला मे महिन्यातील नवखे खेळाडू फिके वाटत.

खर्चाची बाजूही जड होती. हवानाला जाणे-येणे, तेथील मुक्काम आणि दीडशेच्या घरातील सामने हा भार लहान गावांना परवडेनासा झाला. गर्दी खेचणारा हवानाचा संघ आला की यजमान गावाची तिकिटे खपत, आणि हवानाच्या मोठ्या क्रीडांगणावरील सामने पाहुण्या संघांनाही लाभाचे ठरत. हवानामुळे खर्च वाढत होता आणि तो भागत होता तोही हवानामुळेच. संघांची संख्या १९५२ मधील आठवरून १९५३ मध्ये सहावर आली.

हवानाची माघार आणि विसर्जन

१९५३ मध्ये बॉबी मादुरो यांनी हवाना क्यूबन्सची मालकी घेतली. हवाना हे ज्येष्ठ लीगच्या योग्यतेचे शहर आहे, अशी त्यांची धारणा होती आणि ‘ब’ वर्गात राहून ते उद्दिष्ट गाठता येणार नव्हते. १९५४ पासून त्यांनी ‘ट्रिपल ए’ दर्जाच्या इंटरनॅशनल लीगमध्ये ‘हवाना शुगर किंग्ज’ हा संघ उतरवला. परिणामी फ्लोरिडा इंटरनॅशनल लीगमधील हवानाचे स्थान संपुष्टात आले.

हवानाच्या दृष्टीने ही बढती होती. मागे राहिलेल्या लीगच्या नावात ‘इंटरनॅशनल’ हा शब्द उरला, पण आता तिचे सर्व संघ एकाच राज्यातील होते. पोकळी भरण्यासाठी राज्याच्या उत्तर टोकावरील राजधानी टॅलाहासी येथील संघ घेण्यात आला. मायामीपासून टॅलाहासी सुमारे ७५० किलोमीटर दूर आहे. विमानाने हवानाला जाण्यापेक्षा हा बसप्रवास अधिक कष्टाचा होता आणि दुसऱ्या टोकाला हवानासारखा प्रेक्षकवर्गही नव्हता.

१९५४ च्या हंगामात संघांचे अर्थकारण लवकरच कोलमडले. २७ जुलै रोजी लीगचे कामकाज थांबवण्यात आले. उरलेले सामने झालेच नाहीत. हंगामाच्या मध्यावर लीग बंद पडणे खेळाडूंसाठी विशेष कठीण असे, कारण इतर लीगमधील संघांच्या जागा तोवर भरलेल्या असत. त्यांपैकी ज्यांना दुसरा संघ मिळाला नाही, त्यांची व्यावसायिक कारकीर्द तेथेच संपली.

नंतरचा काळ आणि वारसा

विसर्जनानंतर फ्लोरिडातील काही शहरे फ्लोरिडा स्टेट लीग या जुन्या व कमी खर्चाच्या लीगकडे वळली. सेंट पीटर्सबर्गचा संघ १९५५ मध्ये, तर टॅम्पाचा नवा ‘टार्पन्स’ हा संघ १९५७ मध्ये तेथे खेळू लागला. मायामीने हवानाचा मार्ग अनुसरला. १९५६ मध्ये मायामी मार्लिन्स हा संघ ‘ट्रिपल ए’ इंटरनॅशनल लीगमध्ये दाखल झाला आणि मायामी व हवाना यांच्यातील सामने वरच्या दर्जावर पुन्हा सुरू झाले. १९६३ मध्ये कनिष्ठ बेसबॉलची फेररचना होऊन ब, क आणि ड हे वर्गच रद्द करण्यात आले.

हवाना शुगर किंग्जने १९५९ मध्ये मिनियापोलिसला हरवून ज्युनिअर वर्ल्ड सिरीज जिंकली. त्याच वर्षी क्युबात फिदेल कास्त्रो यांची क्रांती यशस्वी झाली होती. अमेरिका व क्युबा यांचे संबंध झपाट्याने बिघडले आणि जुलै १९६० मध्ये लीगच्या प्रशासनाने हा संघ हवानातून हलवून न्यू जर्सी राज्यातील जर्सी सिटी येथे नेला. क्युबातील व्यावसायिक हिवाळी लीगही १९६१ नंतर बंद झाली. मादुरो यांनी मायामीत आश्रय घेतला. ज्या ज्येष्ठ संघाची त्यांनी हवानासाठी वाट पाहिली, तो हवानाला कधीच मिळाला नाही. फ्लोरिडाला मात्र तो मिळाला. १९९३ मध्ये मायामी परिसरात फ्लोरिडा मार्लिन्स आणि १९९८ मध्ये सेंट पीटर्सबर्ग येथे टॅम्पा बे डेव्हिल रेज हे ज्येष्ठ लीगचे संघ सुरू झाले.

हवानाचे ग्रान स्टेडियम पुढे ‘एस्तादिओ लातिनोआमेरिकानो’ या नावाने ओळखले जाऊ लागले आणि तेथे आजही बेसबॉल खेळला जातो. फ्लोरिडा सामुद्रधुनीच्या दोन्ही तीरांवरील शहरांना एकाच साखळीत बांधणारी कनिष्ठ लीग त्यानंतर पुन्हा स्थापन झालेली नाही.